दुसऱ्यांदा कसायचे बोल्ट

जगातली यच्चयावत दुःखं हेड गॅस्केट उडाल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात फौजेच्या वर्कशॉपात ट्रकांची इंजिनं उघडण्यात गेली, शेवटची नेमणूक जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर ते तिथल्याच जवाहर नगरात राहिले. का, तर ट्रकांचा अड्डा असलेलं ट्रान्सपोर्ट नगर तिथून चालत जाण्यासारखं. दुसरं कुठलंही कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. मी रेल्वेत कारकून, बदली होऊन जयपुरातच सोडाल्याला बिऱ्हाड केलेलं. परमुलखात आपलं माणूस आहे म्हणून सुरुवातीला मला केवढा आनंद झाला होता! तो पहिल्या भेटीपुरताच टिकला.

हेड गॅस्केट म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेतून उठवलं तरी मी सांगू शकेन. इंजिनाचे दोन भाग, खाली ब्लॉक आणि वर हेड. त्या दोघांच्या मध्ये बोल्ट कसून दाबून बसवलेला एक पातळ पत्रा. इंजिनात आग असते, पाणी असतं आणि तेल असतं. या तिघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, एवढं सांभाळणं हे त्या पत्र्याचं काम. तो फाटला की पाणी तेलात, आग पाण्यात आणि इंजिन भंगारात. इंजिन जितकं ताकदवान, तितका त्या पत्र्याचा जीव मुठीत. "गॅस्केट आपणहून उडत न्हाय, साडूभाऊ," ते म्हणत, "मानूस उडवतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नात ऐकलं, साखरपुड्यात ऐकलं आणि एकदा एका तेराव्यालाही ऐकलं.

मे महिन्यात सोडाल्याहून जवाहर नगरापर्यंत स्कूटरवरून जाणं काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. घशाला कोरड, कानशिलं तापलेली, डोळ्यांपुढे काजवे. कुठल्याही घरात अशा वेळी आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. इथे साडू तो तांब्या स्वतःच्या हातात धरून माझ्यासमोर बसत. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड वाकतं, म्हणून मी आधी पंख्याखाली बसायचं, श्वास जागेवर आणायचा आणि मग एक घोट घ्यायचा, तोही कोमट. मी त्यांच्याशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे न बघता तांब्याकडे बघत असे. शेवटी ताई, म्हणजे माझी मेहुणी, "जरा वरचा डबा काढून देता का" म्हणून मला स्वयंपाकघरात बोलवायची आणि दाराआड माठातलं पाणी पाजायची. त्या घरात मी जेवढे डबे काढून दिले, तेवढे स्वतःच्या घरात कधी दिले नाहीत. सकाळी उठल्यावर ते स्वतःही बराच वेळ पलंगावर नुसते बसून राहत. त्या वेळात त्यांच्याशी बोललेलं चालत नसे, कारण थंड इंजिनावर लोड टाकायचा नसतो. एकदा भल्या सकाळी शेजारच्या घरातून धूर निघायला लागला, ताई ओरडत आली, तर या गृहस्थांनी हात वर करून तिला थांबायची खूण केली. नशिबाने ती शेजाऱ्यांची शेगडी निघाली.

घरात बोअरचं पाणी. इतकं जड की डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. ताईचे केस त्या पाण्याने गळाले, असं तिचं म्हणणं होतं. साडूंचा स्वतःचा एक ट्रक होता, त्याला मात्र बॅटरीवाल्याकडून आणलेलं शुद्ध पाणी, त्यात मोजून घातलेलं हिरवं कूलंट. रेडिएटरमध्ये क्षार साचले की पाणी फिरत नाही, पाणी फिरलं नाही की हेड तापतं, आणि हेड तापलं की पुढचं मघाशी सांगितलंच आहे. ताई एकदा वैतागून म्हणाली की पुढच्या जन्मी मला ट्रक कर. साडूंनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि ट्रकचेही हाल करणारे मालक असतात, अशी तिची समजूत घातली.

आणि बोल्ट! आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला लोखंडी स्टेज जोडायचं काम एका वर्षी चुकून त्यांच्याकडे गेलं. साध्या माणसाने पाना घेतला असता, एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला संपवलं असतं आणि चहा प्यायला असता. साडूंनी मधल्या नटापासून सुरुवात केली. मग एक डावीकडचा, एक उजवीकडचा, असं करत बाहेर. तेसुद्धा पहिल्या फेरीत नुसते हलके, दुसऱ्या फेरीत थोडे घट्ट आणि तिसऱ्या फेरीत पुरते. तोवर आरतीचं तबक विझलं, पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. इथवर लोकांनी सोसलं. पण दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचं भाषण रंगात आलेलं असताना हे पाना घेऊन स्टेजखाली शिरले आणि अध्यक्षांना खाली उतरायला सांगितलं. कसलेले बोल्ट एकदा तापून थंड झाले की दुसऱ्यांदा कसावेच लागतात, स्टेज दिवसभर उन्हात तापलं होतं. अध्यक्ष उतरले. भाषण त्यांना पुन्हा सापडलं नाही. मी दुसऱ्या रांगेत कपाळाला हात लावून बसलो होतो आणि लोक मला, हे तुमचेच ना, म्हणून विचारत होते.

हे सगळं तत्त्वज्ञान ज्याच्यासाठी, तो ट्रक त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतला होता. सहा सिलिंडरचा, हवा दाबून भरणारा टर्बो लावलेला, भलाथोरला ट्रेलर ओढणारा. किशनगढहून संगमरवराचे ठोकळे आणायचे आणि आग्र्याकडे पोचवायचे. ते स्वतः चालवत तोवर त्या इंजिनाला त्यांनी राजकुमारासारखं वागवलं. सुरू केल्यावर काही वेळ नुसतं गुरगुरू द्यायचं, चढ आला की घाई नाही, मुक्कामाला पोचल्यावर लगेच बंद करायचं नाही, टर्बोला निवू द्यायचं. वजन ठरल्याहून जास्त भरायचं नाही. त्यांच्या मागून निघालेले ट्रक त्यांच्या आधी आग्र्याला पोचून परत फिरलेले त्यांना वाटेत भेटत. पण त्यांचं गॅस्केट कधी उडालं नाही, हे मात्र ट्रान्सपोर्ट नगरातला शत्रूही कबूल करी.

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली. नेमक्या त्याच सुमारास त्यांच्या जावयाची नोकरी सुटली.

जावई तसे चांगले. त्यांचे वडीलही रेल्वेत होते, बालपण सगळं जयपूरलाच गेलेलं, त्यामुळे मराठी बोलताना मध्ये मध्ये 'मतलब' पेरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी बशीतला चहा फुंकून फुंकून, निवू देऊन प्यायला, एवढ्यावर साडूंनी मुलगी द्यायचं ठरवलं. पुढे कळलं की त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. ते एका ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर होते, उदयपूरच्या रस्त्यावर बस पळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती ट्रॅव्हल्स बुडाली. घरात बसलेला तरुण नवरा आणि तोंडाने फटकळ बायको; आमची भाची, म्हणजे साडूंची मुलगी, दोनदा भांडून माहेरी येऊन राहिली. दुसऱ्या खेपेला तर तिने येताना सगळी पातळं आणली होती. ताई रडून रडून अर्धी झाली. तेव्हा साडूंनी ट्रकचं हेड स्वतःच्या हातांनी नव्याने बांधून किल्ली जावयाच्या हातात ठेवली, ट्रक तुमचाच समजा म्हणाले आणि भाची पातळं घेऊन मालवीय नगरात आपल्या घरी परत गेली. तो संसार आता त्या ट्रकवर उभा होता. म्हणजे, साडूंच्या हिशेबाने बघायचं तर, त्या पत्र्यावर.

आता पंचाईत अशी की जावयाला सांगायचं कोणी? ज्या माणसाने फौजेत मेजरसाहेबांना जीपमधून खाली उतरवलं होतं, त्याची जावयासमोर दातखीळ बसे. त्यांच्या घरची रीतच तशी. जावई उभा असेल तर सासऱ्याने बसायचं नाही, जावयाचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याला काही शिकवणं म्हणजे तर त्याचा अपमान. आम्हा दोघांच्या सासऱ्यांनीही आम्हाला जन्मात 'बसा' याखेरीज दुसरी आज्ञा केली नव्हती. मग साडूंनी एक युक्ती काढली. जावईबापू तापलेलं इंजिन दारात आणून खाड्कन बंद करीत. साडूंचा चेहरा दुखावल्यासारखा होई आणि ते गर्रकन माझ्याकडे वळत. "साडूभाऊ, काय मानूस हाय का कोन? टर्बो जळंल न्हाई तर काय हुईल? निवू द्या की जरा!" मी माझ्या स्कूटरवर बसलेला. माझ्या स्कूटरला टर्बो नाही, तिच्यात पाण्याचा थेंब नाही. रेडिएटर, कूलंट, गॅस्केट या सगळ्यांवरून त्या दारात मी इतकी बोलणी खाल्ली की पुढे पुढे मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. जावईबापू बाजूला उभे राहून माझ्याकडे दयेने बघत. एकदा मला हळूच म्हणाले, "मौसाजी, बाबांचं ऐकत जा ना थोडं. मतलब, एवढं सांगतात तर."

मी हात टेकले.

किशनगढचा नवा रस्ता झाला होता, ट्रक वाऱ्यासारखे धावत होते. आग्रा रस्त्यावरच्या घाटात आपला ट्रक मागे पडतो हे जावयांना खपेना. ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका मिस्त्रीने त्यांना डिझेलचा पंप 'वाढवून' दिला. पंपावर कारखान्याचं शिशाचं सील असतं, ते तोडायचं आणि एक स्क्रू फिरवायचा, एवढंच काम. डिझेल जास्त जातं, ओढ वाढते आणि आतला दाब हेडला वर उचलायला लागतो. साडूंना रविवारी हे दिसलं. त्यांनी तोंडातून अक्षर न काढता स्क्रू जागेवर आणला. सोमवारी जावयांना ओढ कमी वाटली, ते मिस्त्रीकडे गेले. रविवारी साडूंनी पुन्हा मागे फिरवला. दोघंही एकमेकांशी एक शब्द न बोलता त्या एका स्क्रूवर भांडत होते, आणि जावयांची तर अशी समजूत होती की खडबडीत रस्त्याने स्क्रू आपोआप ढिला होतो. मिस्त्रीने अखेर त्यावर वेल्डिंगचा ठिपका टाकून तो कायमचा पक्का करून दिला.

त्या दुपारी साडू सिटी बसने सोडाल्याला आमच्या घरी आले आणि दारातच फ्रिजमधलं गार पाणी मागितलं. काहीतरी भयंकर घडलं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मलाच गळ घातली की तुम्ही बोला. मी मावससासरा, मलाही तीच रीत. भाचीला सांगू का, असं मी विचारलं, तर ते घाबरेच झाले. तिला कळलं तर ती त्या माणसाला सोलून काढील आणि पुन्हा पातळं भरील. मग म्हणाले, अधिक महिना आहे, जावयाला जेवायला बोलावलंच आहे, पोट भरल्यावर मी स्वतः सांगतो.

त्या वर्षी ऐन ज्येष्ठात अधिक आला होता. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. जयपूरच्या भट्टीत ताईने अनारसे तळले, तेहतीसचं वाण तयार केलं. जावई किशनगढहून भरलेला ट्रेलर घेऊन तसेच आले, ट्रान्सपोर्ट नगरात गाडी लावून घामाने निथळत दारात उभे राहिले. साडूंनी पाटावर बसवून त्यांच्या पायांवर पाणी घातलं, गंध लावलं, दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून नमस्कार केला. आता ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्याला पंपाबद्दल कसं बोलायचं? जेवताना त्यांनी दोनदा घसा साफ केला. ताईने वाढायचं थांबवलं. साडूंनी जावयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या स्कूटरचा पंप कोणी वाढवला म्हणून मला झापायला सुरुवात केली. भाची हसली. जावयांनी आणखी एक अनारसा घेतला.

निघताना आम्ही दोघं ट्रकपर्यंत त्यांच्यासोबत गेलो. बंद करून ठेवलेलं इंजिन सुरू करून एकदम घाट चढवायचा नाही, एवढं तरी व्हावं म्हणून साडूंनी मला आधीच बजावलं होतं की इंजिन सुरू झालं की बोलत राहा. मी दाराला लटकून जावयांच्या आईची चौकशी केली, मग आईच्या दम्याची, मग त्यांच्या गावाकडच्या मोठ्या काकांची. काकांना वारून वर्ष झालं होतं. जावई हसून म्हणाले की मौसाजी, उभ्या गाडीत डिझेल जळतंय, आणि ट्रेलर निघाला. साडू रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहून, तो दिसेनासा झाल्यावरही आवाज ऐकत होते.

फोन तासाभरात आला. भाची माहेरीच होती. तीही आमच्याबरोबर रिक्षात बसली. घाटात ट्रक कडेला उभा, खालून पाणी वाहत होतं, रेडिएटरमधून वाफ. तोच वेल्डिंगवाला मिस्त्री मदतीला बोलावलेला, तो मान खाली घालून हत्यारं पुसत होता. साडूंनी तेलाची झाकणी उघडून पाहिली. आतलं तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला, मी तो जाताना पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. इतकी वर्षं साठवलेलं सगळं आज बाहेर येईल, आणि यावंही. मला स्वतःला त्या जावयाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

बोलली ती भाची. मेकॅनिकचीच मुलगी ती, तिला कळत होतं. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "पंपाला हात लावला होता का तुम्ही? खरं सांगा." जावयांची नजर पंपाकडे गेली. साडूंनी खांद्यावरचं फडकं काढलं, हात पुसले, ते फडकं पंपावर, बरोबर त्या ठिपक्यावर टाकलं आणि वळले.

"पंपाचं काय न्हाय, बाळ," ते म्हणाले. "हेड मी बांधलं हुतं. बोल्ट दुसऱ्यांदा कसायचे राहिले."

मिस्त्रीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. भाचीचा राग वळायला वेळ लागला नाही. बाबा, तुम्ही? आयुष्यभर आम्हाला बोल्ट शिकवलेत आणि तुम्ही विसरलात? ह्यांची भाकरी होती ही! ती रडत नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्याचा घाम आपल्या पदराने पुसायला लागली, आणि संध्याकाळी दोघं एकाच रिक्षाने मालवीय नगराला गेली. इंजिन उघडलं तेव्हा हेड वाकलेलं आणि ब्लॉकला तडा गेलेला निघाला. नव्या इंजिनाला पैसे नव्हते, ट्रक जागेवरूनच भंगारवाल्याला द्यावा लागला.

मी साडूंना ट्रान्सपोर्ट नगरातल्या चहाच्या टपरीवर विचारलं. ट्रक ओढून नेला त्याच दिवशी. असं का केलंत, तुमच्या हातचा बोल्ट कधी राहिला आहे का? त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पोरगी त्यांच्या घरात राहती, साडूभाऊ," ते म्हणाले, "माझ्या न्हाय." मग हे आमच्या घरातही बोलू नका, असं सांगितलं. ताईलाही त्यांनी सांगितलं नाही. ती अजून अधूनमधून टोमणे मारते. मी आजवर गप्प राहिलो. जावयांना मराठी छापील वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे लिहायचं धाडस केलं.

एक आशा मला बरेच दिवस होती. कधीतरी जावई येतील, बाबा, तो पंप मीच, असं काहीतरी म्हणतील. पण त्यांनी साडूंचं बोलणं खरंच मानलं. पंपाने काही होत नाही, हे त्यांना हवंच होतं, आणि ट्रकांमधला सगळ्यात जाणता माणूस तसं म्हणाला. हळूहळू नात्यागोत्यात आणि ट्रान्सपोर्ट नगरात तेच पसरलं. साडूंना गाड्यांबद्दल विचारायला कोणी येईनासं झालं. जावई आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात, संसार नीट आहे.

पुढच्या वर्षी भाचीला मुलगी झाली. बारसं जवाहर नगरात होतं. बाजारातून लोखंडी पाळणा आणला होता, जोडायचा बाकी होता, आणि साडू पाना घेऊन हळूहळू खाली बसले. जावयांनी पुढे होऊन, अगदी मायेने, त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या बाबा, मी करतो. मतलब, बेबीचा पाळणा आहे. तुमचा एखादा राहून जातो ना."

भाची बाळाला थोपटत म्हणाली, हो बाबा, त्यांना द्या. मी साडूंकडे बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "व्हय," ते म्हणाले, "राहतो खरा," आणि पाना जावयाच्या हातात देऊन भिंतीला टेकून बसले.